एकास सदतीसचा चढ आणि जेम्स बर्कले

ठाण्याहून कल्याणकडे जाणारी धीमी लोकल खाडी ओलांडते, कळव्यातून पुढे सरकते आणि मुंब्र्याला डोंगराच्या पायथ्याला बिलगून वळण घेते. हा मार्ग जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वी आखला गेला. रोज लाखो माणसे त्यावरून जातात, पण तो आखणाऱ्या माणसाचे नाव विचारले तर बहुतेकांना ते सांगता येणार नाही. जॉर्ज स्टीफन्सन ठाऊक असतो, नाना शंकरशेट ठाऊक असतात. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वज कंपनीचा, पहिला मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले मात्र आज विस्मृतीत गेला आहे.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गतीचे नियम आणि घर्षण शिकताना मुलांना ठोकळे, उतरण्या आणि बाणांच्या आकृत्या दिसतात. बर्कलेने आयुष्याची कित्येक वर्षे याच आकृत्या सह्याद्रीवर काढण्यात घालवली. त्याच्या आकृतीतला ठोकळा शेकडो टनांचा होता आणि उतरणीवरून घसरला तर माणसे मरणार होती.

बर्कलेचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनच्या हॉलोवे भागात झाला. शिक्षण किंग्ज कॉलेजात. विशीत तो रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली आला. रॉबर्ट हा जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा, आणि त्या काळातला रेल्वेचा सर्वांत मोठा अभियंता. दोघांमध्ये पुढे स्नेह जुळला. इंग्लंडमध्ये तेव्हा रेल्वेचे वेड शिगेला पोहोचले होते आणि हाताशी काम असलेला तरुण दहा वर्षांत जे शिके, ते आजच्या कोणत्याही महाविद्यालयात शिकता येणार नाही. मुंबईच्या कंपनीला मुख्य अभियंता हवा होता, तेव्हा स्टीफन्सनने बर्कलेचे नाव सुचवले. १८४९ मध्ये नेमणूक झाली आणि १८५० च्या फेब्रुवारीत तो मुंबईत उतरला. वय तीस.

रेल्वेची कल्पना त्याची नव्हती. मुंबई सरकारचे अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला गेले असता त्यांना मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोरघाट असा लोहमार्ग सुचला, असे सांगितले जाते. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी ती उचलून धरली. लंडनच्या भांडवलदारांचा डोळा मात्र घाटापलीकडच्या कापसावर होता. घाटमाथ्यावरचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून खाली यायचा. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला तरी पावसाळ्यात सगळे ठप्प. म्हणजे ठाण्यापर्यंतची सपाट रेल्वे ही खरे तर नांदी होती. खरे नाटक घाटात होते, आणि ते कंपनीलाही ठाऊक होते.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित घेऊन पहिली गाडी ठाण्याला आली. ती तीन इंजिनांनी ओढली, एकवीस तोफांची सलामी झाली, हे सगळे आपण शाळेपासून ऐकतो. त्यात न सांगितली जाणारी गोष्ट अशी की चौतीस किलोमीटरचा हा टप्पा अभियंत्याच्या दृष्टीने त्यातल्या त्यात सोपा होता. रूळ जवळजवळ सपाट होते, आणि सपाट रुळावर लोखंडी चाक म्हणजे निसर्गाने माणसाला दिलेली मोठी सवलत आहे.

ही सवलत किती मोठी, ते आकड्यांत पाहू. कच्च्या रस्त्यावर एक टन माल भरलेली बैलगाडी ओढायला पन्नास ते शंभर किलो वजन उचलायला लागते तेवढे बल लागते. चिखल असेल तर आणखी जास्त. डांबरी रस्त्यावर रबरी टायरला तेच दहा-पंधरा किलोवर येते. आणि रुळावर? टनामागे अवघे चार किलो. चाक आणि रूळ दोन्ही कठीण असल्याने ते एकमेकांत फारसे दबत नाहीत, त्यांचा स्पर्श नखाएवढ्या जागेत होतो आणि दर फेऱ्यात वाया जाणारी ऊर्जा नगण्य असते. म्हणून एकदा गती घेतलेली गाडी वाफ बंद केली तरी कितीतरी अंतर जात राहते. न्यूटनचा पहिला नियम पुस्तकात वाचताना पटत नाही, कारण घरातले सगळे काही आपोआप थांबते. लोकलमध्ये दाराजवळ उभे राहून, मोटरमनने अचानक ब्रेक लावल्यावर पुढच्या माणसाच्या अंगावर आदळताना तो लगेच पटतो.

पण चाक न अडखळता फिरणे ही एक बाजू झाली. इंजिन पुढे जाते कशाने? बहुतेक जण म्हणतील, वाफेने किंवा विजेने. वाफ फक्त चाक फिरवते. चाक रुळाला मागे ढकलते आणि रूळ चाकाला पुढे ढकलतो, हा न्यूटनचा तिसरा नियम. हे ढकलणे घर्षणातून होते. घर्षण नसेल तर चाक जागच्या जागी गरगरेल, पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या रिक्षासारखे. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक शहाण्यासुरत्या लोकांची खात्री होती की गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर धरणारच नाही. १८१२ मध्ये ब्लेन्किन्सॉप नावाच्या गृहस्थांनी त्यावर उपाय म्हणून रुळाला दाते लावले. दुसऱ्या एकाने तर मागे लोखंडी पाय असलेले चालणारे इंजिन केले. मग विल्यम हेडलीने माणसे आणि वजने घेऊन साधे प्रयोग केले आणि दाखवले की इंजिन पुरेसे जड असेल तर गुळगुळीत लोखंडही लोखंडाला धरते.

किती धरते, याचा नियम त्याहून जुना आहे. लिओनार्डोने तो वहीत लिहून ठेवला, आमोन्तों या फ्रेंचाने १६९९ मध्ये पुन्हा शोधला आणि कुलोम्बने १७८५ मध्ये पक्का केला: घर्षण हे दाबणाऱ्या वजनाच्या प्रमाणात असते, स्पर्शाचे क्षेत्र किती यावर ते जवळजवळ अवलंबून नसते. कोरड्या रुळावर ही पकड वजनाच्या चौथ्या भागाइतकी असते, ओल्या किंवा तेलकट रुळावर दहाव्या भागावर येते, कधी त्याहूनही खाली. रबर आणि डांबर यांची पकड याच्या तिप्पट. थोडक्यात, ज्या गुळगुळीतपणामुळे गाडी सहज चालते त्याच गुळगुळीतपणामुळे ती चढायला आणि थांबायला कच्ची असते. बर्कलेच्या सगळ्या अडचणींचे मूळ या एका वाक्यात आहे.

ठाण्याच्या पुढे त्याने खाडीवर पूल बांधले, पारसिकच्या डोंगराला वळसा घालताना दोन छोटे बोगदे खोदले, आणि १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोहोचली. डोंबिवली तेव्हा एक खेडे होते. पारसिकचा मोठा बोगदा, ज्यातून आज जलद गाड्या जातात, तो १९१६ चा; त्याचा बर्कलेशी संबंध नाही. धीम्या मार्गाचे वळण मात्र त्याच्या काळातल्या आखणीचे आहे.

वळणावर गाडीला दिशा बदलायला आतल्या बाजूला बल लागते, ते रूळ देतात. गाडीतल्या माणसालाही तेच बल लागते, ते त्याला तळवे, दांडा किंवा शेजारचा माणूस देतो. समजा तीनशे मीटर त्रिज्येचे वळण आहे आणि गाडी ताशी साठ किलोमीटरने जात आहे. साठ किलोच्या माणसाला वळणात टिकून राहायला सुमारे सहा किलो वजनाएवढे आडवे बल हवे. आत उभ्या असलेल्याला ते सहज मिळते. पायरीवर, एका हाताने दांडा धरून, पाठीवर बॅग घेऊन लटकलेल्याला ते बोटांतून मिळवावे लागते. बोटे घामेजली असतील तर तिथेही घर्षण कमी. वेग दुप्पट झाला तर लागणारे बल चौपट होते. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर पायरीवरचे प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. ती दुर्घटना निव्वळ या गणिताने घडली असे म्हणणे खोटे ठरेल; गर्दी नसती तर कोणी पायरीवर उभेच राहिले नसते. पण पायरीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या बोटांवर हे गणित रोज चालू असते.

कल्याणला बर्कलेचा मार्ग दुभंगतो. एक फाटा ईशान्येला शहापूर-कसाऱ्याकडे, थळ घाट चढून नाशिकला. दुसरा आग्नेयेला कर्जतकडे, बोरघाट चढून पुण्याला. आज कल्याण जंक्शनवर जे काही आहे, ते या दुभंगण्यातून आले. दोन्ही फाटे डोंगराच्या भिंतीपाशी येऊन थबकले. खोपोलीपर्यंत गाडी १८५६ मध्ये आली, वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, आणि मधला घाट प्रवासी पालखीतून, तट्टावरून किंवा पायी चढत असत. पाच वर्षे असेच चालले.

चढ म्हणजे काय, हे घरी करून पाहता येते. तीस सेंटीमीटरची स्टीलची पट्टी घ्या आणि तिच्या एका टोकाखाली आठ मिलिमीटर जाडीची वही ठेवा. हा एकास सदतीसचा चढ झाला: सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. डोळ्याला जेमतेम कळतो, कोन दीड अंशाच्या आसपास. त्यावर खोडरबर ठेवा, हलणार नाही. गोटी ठेवा, लगेच घरंगळेल. रेल्वेचा डबा म्हणजे गोटी आहे. ब्रेक लावून चाके रोखली की त्याचे खोडरबर होते.

आता हिशेब करा. एकास सदतीसच्या चढावर गुरुत्वाकर्षण दर टनाला मागे ओढते ते हजार भागिले सदतीस, म्हणजे सत्तावीस किलोंच्या बलाने. नेहमीचे चार धरून झाले एकतीस. सपाटीवर चार, इथे एकतीस! पन्नास टनांचे इंजिन, त्याचे सगळे वजन चालक चाकांवर, रूळ कोरडा: पकड साडेबारा टन. सपाटीवर तेवढ्या पकडीत तीन हजार टनांची गाडी हलेल. या चढावर चारशे टन, आणि त्यात इंजिनाचे स्वतःचे पन्नास आले. पाऊस पडला, रूळ निसरडा झाला, पकड दहाव्या भागावर आली, की एकूण एकशे साठ टन. इंजिन वजा केले तर मागे दहा-बारा डबे. बॉयलर कितीही मोठा करा, यात फरक पडत नाही. चाक जागीच फिरेल. म्हणून इंजिनात वाळूची पेटी ठेवतात आणि चाकापुढे वाळू सोडतात. ही पद्धत आजच्या विजेच्या इंजिनांतही तशीच चालू आहे.

त्या काळी असा चढ चढायचे दोन मार्ग होते. एक, वर स्थिर इंजिन बसवून दोराने डबे ओढायचे. लंडनच्या ब्लॅकवॉल रेल्वेवर सुरुवातीला असेच चालत असे. दुसरा, इंजिनानेच चढायचे आणि मागून आणखी इंजिन लावायचे. इंग्लंडमध्ये लिकी येथे जवळजवळ एकास सदतीसचाच चढ १८४० पासून इंजिने चढत होती. पण लिकीचा चढ जेमतेम सव्वातीन किलोमीटरचा. बोरघाटात पंचवीस किलोमीटर चढायचे होते, त्यात उंची साडेपाचशे मीटरहून जास्त. आणि लिकीला चार महिने कोसळणारा पाऊस नव्हता.

बर्कलेने इंजिनाचा मार्ग निवडला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा निर्णय होता. दोराची पद्धत स्वीकारली असती तर घाटाची क्षमता कायमची दोराच्या जाडीला बांधली गेली असती. इंजिनाचा मार्ग निवडल्यामुळे पुढच्या पिढ्यांना फक्त जड इंजिने आणायची होती. पण त्यासाठी चढ कुठेही एकास सदतीसपेक्षा तीव्र होऊ देता येणार नव्हता, कारण मार्गातला एकच तीव्र तुकडा सबंध मार्गावरच्या गाडीचे वजन ठरवतो. सह्याद्री तर सरळ कड्यासारखा उभा. मग लांबी वाढवत, डोंगराच्या सोंडेवरून, दरी ओलांडत, बोगद्यातून चढ पसरवत न्यायचा. त्याने आणि त्याच्या सहायकांनी कित्येक मोसम दऱ्याखोऱ्यांत मोजणी केली. शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला वाट दाखवली आणि त्याबद्दल प्राण गमावले, अशी दंतकथा घाटात सांगतात. त्याचे देऊळही तिथे आहे. दंतकथा खरी असो वा नसो, गुरे घेऊन चढणाऱ्या माणसाला सोपा चढ कुठे आहे हे दुर्बिणीवाल्यापेक्षा आधी ठाऊक असणार, यात शंका नाही.

एके ठिकाणी वळण घ्यायला जागाच नव्हती. तिथे बर्कलेने उलट स्टेशन केले: गाडी डोंगराच्या टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी इंग्रजी व्ही अक्षरासारखी उलट दिशेने वर निघायची. हे स्टेशन १९२९ पर्यंत वापरात होते.

गाडी वर नेणे हे निम्मे काम. खाली आणणे जास्त धोक्याचे, आणि इथे घर्षणाचे गणित भीतिदायक होते. ताशी बहात्तर किलोमीटरने जाणारी गाडी सपाटीवर, वजनाच्या विसाव्या भागाइतक्या पकडीवर, सुमारे चारशे मीटरमध्ये थांबेल. त्याच पकडीवर एकास सदतीसच्या उतारावर तिला साडेआठशे मीटरहून जास्त लागतील, कारण निम्म्याहून अधिक पकड गुरुत्वाकर्षणाला अडवण्यातच खर्च होते. आणि पकड सदतिसाव्या भागावर आली तर गाडी कधीच थांबणार नाही. ब्रेक कितीही घट्ट आवळा, चाके लॉक होतील आणि गाडी घसरत राहील. त्या काळी सगळ्या डब्यांना एकदम लागणारे ब्रेक नव्हते. ब्रेकच्या डब्यांत माणसे बसत आणि शिटी ऐकून हाताने चक्र फिरवत.

शिवाय उष्णता. शंभर टनांची गाडी बोरघाट उतरते तेव्हा तिच्या उंचीत साठलेली ऊर्जा सुमारे सतराशे लिटर पाण्याला उकळी आणायला पुरेल एवढी असते. थोडी नेहमीच्या अवरोधात जाते, बाकी सगळी ब्रेकचे ठोकळे आणि चाके यांच्यात. ठोकळे तापले की त्यांची पकडही कमी होते. म्हणून घाटात ठिकठिकाणी वर चढणारे आडमार्ग ठेवतात: सुटलेली गाडी त्यात शिरली की चढ चढता चढता तिचा वेग आपोआप संपतो. ज्या गुरुत्वाकर्षणाने पळवले त्याच्याकडूनच थांबवून घ्यायचे. तरीही १८६९ मध्ये एक गाडी ब्रेक न लागल्याने उलट स्टेशन ओलांडून पलीकडे गेली आणि माणसे दगावली.

बांधकाम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. कंत्राटदार फॅव्हिएल. पंचवीस बोगदे, आठ मोठे दगडी पूल. कड्याच्या तोंडावर उभे राहायला जागा नसे, म्हणून कामगारांना वरून दोराने सोडत आणि ते लोंबकळत सुरुंगाची भोके पाडत. सुरुंग दारूचे, डायनामाइट अजून यायचे होते. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे मजुरांनी दंगा केला, त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही दिवसांतच आजाराने मेला. काम सोडून परत जाण्याऐवजी त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने व्यवस्थापक नेमून ते तडीस नेले. १८६१ च्या सुरुवातीला घाटात बेचाळीस हजार माणसे कामावर होती. हा आकडा त्या वेळच्या ठाणे शहराच्या वस्तीहूनही मोठा होता.

एवढी माणसे, डोंगरात, झोपड्यांमध्ये, पाण्यासाठी ओढे आणि खड्डे. पटकी येणारच होती, आणि ती आली. १८५९-६० च्या हंगामात तिने घाटात भयंकर बळी घेतले. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच दाखवले होते की पटकी पाण्यातून पसरते, पण वैद्यकात अजून दूषित हवेचा सिद्धांत राज्य करत होता. रोगजंतू रॉबर्ट कॉख यांना दिसला १८८३-८४ मध्ये. बोरघाटातल्या अभियंत्यांना दीड अंशाचा चढ अचूक मोजता येत होता, पण पाणी उकळून प्या हे सांगण्याचे शास्त्र त्यांच्या हाती नव्हते. ज्यांना मरण आले त्यांची नावे कुठे नोंदली गेली नाहीत. पहिल्या गाडीच्या डब्यांचा आणि तोफांचा आकडा आपल्याला पाठ असतो. घाटातल्या मृतांचा हिशेब इतिहासकारांना अंदाजाने करावा लागतो. बर्कलेच्या चरित्रात ही गोष्ट टाळता येत नाही, टाळू नये.

तो स्वतः कामगारांबद्दल आणि इथल्या लोकांबद्दल कसा होता? एक गोष्ट खात्रीने सांगता येते. त्याने देशी कंत्राटदारांवर विश्वास टाकला. जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराला त्याने मार्गाचे अनेक टप्पे दिले आणि त्याच्या कामाची तारीफ केली. इंग्लंडहून आलेल्या कंत्राटदारांपेक्षा इथला माणूस ऊन, पाऊस, चुना आणि मजूर जास्त ओळखतो हे त्याला लवकर कळले होते. घाटांच्या योजनेवर त्याने मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्याने दिली, म्हणजे शास्त्र लोकांपुढे मांडायची त्याला हौस होती. मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्या सिनेटवरही तो होता. १८६० मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे त्याचा भारतीय रेल्वेवरचा प्रबंध सादर झाला आणि त्याला टेलफर्ड पदक मिळाले.

तोपर्यंत त्याची प्रकृती ढासळली होती. दहा पावसाळे, घाटातली मोजणी, सततचा ताप. १८६१ मध्ये तो इंग्लंडला परतला तो बरा होण्यासाठी, पण बरा झाला नाही. २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळ सिडनहॅम येथे त्याचे निधन झाले. वय बेचाळीस. त्याचा गुरू रॉबर्ट स्टीफन्सन तीन वर्षे आधी गेला होता.

१८६३ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी बोरघाटाचे उद्घाटन केले. थळ घाट १ जानेवारी १८६५ ला खुला झाला: पंधरा किलोमीटर, तेरा बोगदे, चढ पुन्हा एकास सदतीस. बोरघाटातला एक दगडी पूल १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला, कारण दगडकाम कच्चे होते. आखणी मात्र टिकली. १९२९ च्या सुमारास घाटात वीज आली, मार्गाचा काही भाग बदलला, उलट स्टेशन गेले. लांब नाकाची विजेची इंजिने आली, त्यांना रेल्वेतली माणसे खेकडा म्हणत. उतरताना ही इंजिने मोटरचाच जनित्र करून वीज तारेत परत पाठवत. बर्कलेच्या काळात जी उष्णता ठोकळ्यांत जळून जायची, तिच्यातून वर चढणारी दुसरी गाडी ओढली जाऊ लागली. आजच्या नव्या लोकलही ब्रेक लावताना हेच करतात.

चढ मात्र अजून एकास सदतीसच आहे. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला आणि नाशिककडे जाणारी कसाऱ्याला थांबते, मागे धक्का बसतो, आणि प्रवासी विचारतात काय झाले. मागून बँकर लागलेले असतात. एकेका मालगाडी-इंजिनाचे वजन १२३ टन, सहाही आसांवर मोटर, म्हणजे सगळे वजन पकडीसाठी कामी येते. तरीही दोन-तीन लावावी लागतात. इंजिन पन्नास टनांचे असो की १२३ टनांचे, टनामागे सत्तावीस किलोचा हिशेब बदलत नाही.

बर्कलेच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला पारितोषिक ठेवले गेले. १८८३ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजातून ते एका म्हैसूरच्या विद्यार्थ्याने पटकावले. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.